फुकटचे व्हिडिओ एडिटर, आमच्या आईंचे मोदक आणि ते एक्सपोर्टचं बटण

फुकट व्हिडिओ एडिटर कुठलाही घ्या, तो खरंच फुकट आहे का हे एक्सपोर्टचं बटण दाबल्यावरच कळतं. तोपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असतं, रंगीत स्क्रीन काय, उड्या मारत येणारी टायटलं काय, 'तीन स्टेपमध्ये व्हिडिओ तयार' काय. आणि तुमची संध्याकाळ त्यात घालवून झाली, क्लिपा कापून झाल्या, गाणं लावून झालं की मग एक खिडकी उघडते, एचडी पाहिजे तर प्लॅन घ्या, नाहीतर आमचा शिक्का मारून घ्या. शेअर रिक्षात बसवून कॅडबरी जंक्शनला उतरताना भाडं सांगण्यातला प्रकार आहे हा. आधी सांगितलं असतं तर बसलो असतो का आपण?

म्हणून रिव्ह्यू लिहितेय, म्हणजे निदान दुसऱ्या कोणाची संध्याकाळ वाचेल.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे माझी तक्रार कुठून आली ते कळेल. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो, सासूबाई गणपतीत आणि संकष्टीला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. गिऱ्हाइकं घ्यायला आली की दारात उभं राहून हमखास विचारणार, काकू कळ्या एवढ्या बारीक कशा काय पडतात हो. शेवटी आईच म्हणाल्या की अगं, एकदाच व्हिडिओ करून टाक ना, मी किती जणींना दारात उभी राहून सांगू. शूटिंग मोबाइलवर, मोबाइल स्टँडवर आणि स्टँड हलू नये म्हणून पोह्याच्या डब्याला रबरबँडने बांधलेला. एडिटिंगला घरचा जुना लॅपटॉप, आय थ्री, ८ जीबी रॅम. नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप झकास आहे पण त्यात आयटीवाले काही टाकू देत नाहीत, साधा फॉन्टसुद्धा नाही. अपेक्षा म्हणाल तर एवढीच की नको ते कापायचं, मराठीत चार ओळी टाकायच्या, खाली बारीक म्युझिक आणि झालं. दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ. आम्हाला काय सिनेमा काढायचा नव्हता.

पहिलं सॉफ्टवेअर सर्चमध्ये सगळ्यात वर आलं ते घेतलं. नाव घेत नाही, कारण तसे बरेच आहेत आणि सगळ्यांची तऱ्हा एकच आहे. टाइमलाइनवर क्लिप टाकणं सोपं, कापणं सोपं, इफेक्ट तर एवढे की आई शेजारी बसून 'ते फुलाफुलांचं लाव' म्हणायला लागल्या. पण कुठला इफेक्ट फुकट आणि कुठला पैशाचा ते कुठेच धड लिहिलेलं नाही, कोपऱ्यात एक इवलासा मुकुट असतो तो दिसला तर दिसला. वापरू सगळं देतात. एक्सपोर्टला गेल्यावर मग यादी येते की हे हे हे पेड आहे, काढा किंवा पैसे भरा. सगळं काढलं, फुलंबिलं सगळी काढली, तरी वॉटरमार्क, म्हणजे तो कंपनीचा शिक्का, आलाच. तो पण कोपऱ्यात नाही, पार मधोमध, म्हणजे आई शेवटी सगळ्या कळ्या वर एकत्र आणून चिमटीत धरून टोक काढतात ना, बरोब्बर त्या टोकावर कंपनीचं नाव. पूर्ण व्हिडिओत बघण्यासारखी जागा ती एकच होती!

वॉटरमार्क लावण्याला माझं काही म्हणणं नाही. फुकट देताय, लावा. पण डाउनलोडच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा ना. तिथे 'फ्री' एवढंच लिहायचं आणि अट शेवटी सांगायची हा सरळ धंदा नाही.

आणि यात सरळसरळ फसवणूक करणारेही होऊन गेलेत. विंडोजसोबत मूव्ही मेकर यायचं ते जुन्या लोकांना आठवत असेल, साधंसुधं होतं, शाळेच्या गॅदरिंगपासून बारशापर्यंत सगळ्यांचे व्हिडिओ त्यावर झालेत. मायक्रोसॉफ्टने ते १० जानेवारी २०१७ ला बंद केलं. लोक तरी शोधत राहिले आणि त्याचा फायदा घेऊन कोणीतरी त्याच नावाने नकली मूव्ही मेकर काढलं, सर्चमध्ये पार वर आणलं आणि सेव्ह करायला गेलं की २९.९५ डॉलर मागायचं. ईसेट या अँटीव्हायरस कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये ते उघडकीला आणलं होतं. बघा, चोरांनी पण पैसे मागायची जागा कुठली निवडली, तर सेव्हचं बटण. माणूस सगळ्यात जास्त अडकलेला तिथेच असतो. अजूनही कोणी मूव्ही मेकर फुकट डाउनलोड म्हणून कुठल्या साइटवर जात असेल तर जाऊ नका, खरं आता मिळत नाही.

आता मराठीचं. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इंग्रजी रिव्ह्यूवाले याच्याकडे बघतच नाहीत, त्यांना गरजच नसते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वॉटरमार्क नव्हता म्हणून आम्ही खूश. टायटलमध्ये 'तांदळाची पिठी' लिहिलं. टाइप करताना खालच्या चौकटीत अगदी व्यवस्थित दिसत होतं. वर व्हिडिओवर बघितलं तर प ची पहिली वेलांटी उडी मारून पलीकडे ठ च्या डोक्यावर जाऊन बसलेली, तिथे दुसरी आधीच होती, म्हणजे प बोडका आणि ठ ला दोन वेलांट्या. 'चिमूटभर मीठ'चं तेच. 'स्वच्छ' मधली जोडाक्षरं सुटी सुटी होऊन प्रत्येकाला पाय मोडल्याची खूण. आईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, अगं हे असं लावू नकोस हं, लोक म्हणतील काकूंना लिहिता येत नाही.

माझा मावसभाऊ ऐरोलीला आयटीत आहे, त्याला स्क्रीनशॉट पाठवला. तो म्हणाला, ताई, तुझं टायपिंग बरोबर आहे. कॉम्प्युटरमध्ये आधी प साठवला जातो मग वेलांटी, आणि स्क्रीनवर दाखवताना ती वेलांटी उचलून प च्या आधी काढावी लागते, जोडाक्षरं जुळवावी लागतात, हे काम करायला वेगळा प्रोग्राम असतो, हार्फबझ नावाचा फुकट मिळतो आणि भरपूर ठिकाणी तोच वापरतात. पण काही एडिटरवाले टायटलमध्ये ते जोडतच नाहीत, इंग्रजीसारखी अक्षरं एकापुढे एक मांडून मोकळे होतात. म्हणजे फॉन्ट बदलून काही उपयोग नसतो. आणि मी बसले होते फॉन्टामागून फॉन्ट बदलत.

यावर उपाय दोन. एक म्हणजे सॉफ्टवेअरच असं घ्यायचं की ज्यात मराठी नीट उमटतं. दुसरा जुगाडाचा, टायटल दुसरीकडे बनवायचं, गिम्प या चित्रांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वगैरे, पाठीमागे काही नाही असं पारदर्शक पीएनजी सेव्ह करायचं आणि ते चित्र म्हणून व्हिडिओच्या वरच्या ट्रॅकवर ठेवायचं. चालतं मस्त, फक्त शुद्धलेखनाची चूक निघाली की परत सगळं पहिल्यापासून. लग्नपत्रिका छापणारे आणि डीटीपीवाले जे श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरतात त्यांच्या नादी लागू नका, त्यात टाइप केलेलं फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसतं गिचमिड दिसतं. मुक्ता आणि बलू हे दोन्ही फॉन्ट फुकट आहेत, युनिकोड आहेत, म्हणजे लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर गेलं तरी मराठीच राहतं, एक टाइप या आपल्या मुंबईच्याच लोकांनी केलेले आहेत. बलू जाडजूड आहे, मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर लांबूनही वाचता येतो. मोदकाला पण तोच शोभला.

बरं हे सगळं निस्तरलं आणि मग लक्षात आलं की आवाज मागे पडतोय. सुरुवातीला सगळं बरोबर. आई म्हणतात 'पारीला मधे जरा जाड ठेवायचं, कडेला पातळ', हात तेच करतायत. पाचेक मिनिटांनी काहीतरी खटकायला लागतं. आणि शेवटी शेवटी तर मोदक मोदकपात्रात जाऊन वर झाकण पडलंय आणि आवाज अजून सांगतोय की तर्जनी आतून, अंगठा आणि मधलं बोट बाहेरून, हलकेच दाबायचं, ओढायचं नाही. आता ज्या व्हिडिओचा जीवच कळ्या कशा घालायच्या यात आहे त्यात हे झालं तर उरलं काय? मी आवाज वेगळा काढून पुढे सरकवला तर शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली. मधे सरकवला तर दोन्हीकडे थोडं थोडं बिघडलं.

याचं कारण कळल्यावर मात्र मला त्या सॉफ्टवेअरचा राग निम्मा कमी करावा लागला, कारण निम्मा घोळ मोबाइलचा असतो. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, म्हणतो पण प्रत्येक सेकंदाला मोजून ३० काढतोच असं नाही. उजेड कमी असला की एकेक फ्रेमला जास्त वेळ उजेड घेतो, मग फ्रेमा कमी निघतात, कधी २४, कधी २७, जसं जमेल तसं. आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी एक ट्यूब, त्यात वाफ. साध्या एडिटरला वाटतं सगळ्या फ्रेमा ठरावीकच आहेत, तो ३० च्या हिशोबाने पळवतो, म्हणजे चित्र पुढे धावतं आणि आवाज आपल्या चालीने मागून येतो. जेवढा व्हिडिओ लांब तेवढा फरक मोठा. म्हणूनच अर्ध्या मिनिटाच्या रीलवाल्यांना हा त्रास कधी कळतच नाही आणि ते बिनधास्त पाच स्टार देऊन जातात.

उपाय सोपा आहे पण कोणी सांगत नाही. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर आहे, खरोखर फुकट, त्यात क्लिप टाकायची, व्हिडिओच्या टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडायचं, ३० लिहायचं, आणि त्यातून निघालेली फाइल एडिटरमध्ये घ्यायची. आवाज जागेवर. हे बिगिनर सॉफ्टवेअरने स्वतःहून सांगायला नको का? फाइल आत घेतानाच त्याला कळू शकतं की फ्रेमा कमीजास्त आहेत. शॉटकट हे सांगतं, त्याच्याकडे येते मी.

अडकण्याचं पण तसंच. प्ले केलं की दोन सेकंद चालतं, थांबतं, पंखा विमानतळावर असल्यासारखा सुटतो. नवरा म्हणाला नवीन लॅपटॉप घेऊ, मी म्हटलं थांब. हल्लीचे बरेच मोबाइल एचईव्हीसी नावाच्या प्रकारात रेकॉर्ड करतात, आयफोन तर २०१७ च्या आयओएस ११ पासून. फाइल लहान होते पण उलगडायला मशीनला जास्त मेहनत, जुन्या लॅपटॉपचं कंबरडंच मोडतं. आयफोनला सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' करून ठेवा, अँड्रॉइडला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हाय एफिशियन्सी असं काहीतरी असतं ते बंद करा. आणि फोर केमध्ये शूट करू नका हो, बघणारे सगळे मोबाइलवर बघणार आहेत. एवढं केलं आणि त्याच आय थ्रीवर बऱ्यापैकी चालायला लागलं.

अजून एक, यात नवीन माणूस हमखास रडतो. प्रोजेक्ट सेव्ह केलं म्हणजे व्हिडिओ सेव्ह झाला असं वाटतं. त्या प्रोजेक्ट फाइलमध्ये तुमचा व्हिडिओ नसतोच, फक्त कुठली क्लिप कुठल्या फोल्डरमधून घ्यायची, कुठे कापायची एवढी टिपणं असतात. नवऱ्याने जागा करायला म्हणून क्लिपांचा फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळीकडे लाल फुल्या. आईंना वाटलं मोदकच गेले. फोल्डर परत जागेवर ठेवला की येतं सगळं, पण तोपर्यंत घरात जे व्हायचं ते झालेलं असतं.

आता काय वापरावं. आम्ही शेवटी शॉटकटवर आलो आणि तिथेच थांबलो. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, वॉटरमार्क नाही, अकाउंट नाही, मुकुट नाही, एक्सपोर्टला कोणी आडवं येत नाही. मोबाइलची कमीजास्त फ्रेमांची क्लिप टाकली की स्वतःच विचारतं, एडिटिंगला सोयीच्या प्रकारात बदलून देऊ का, हो म्हणा, त्यात हलकं, मध्यम, उत्तम असे पर्याय येतात, सर्वात उत्तम घेतलंत तर फाइल अवाढव्य होते, आमच्यासारख्यांना पहिला पुरतो. प्रॉक्सी पण आहे, म्हणजे काम करताना छोटी हलकी कॉपी दाखवायची आणि एक्सपोर्टला खरी वापरायची, जुन्या लॅपटॉपवाल्यांनी हे चालू करूनच ठेवा. मधेच बंद पडलं तर परत उघडल्यावर ऑटोसेव्ह केलेलं देऊ करतं. आणि मराठी! 'पिठी' लिहिलं, पिठीच आली. आईंनी दोनदा वाचून खात्री केली.

दिसायला मात्र रुक्ष आहे. उड्या मारणारी टायटलं नाहीत, आणि टेक्स्ट कुठे सापडत नाही म्हणून बरेच जण पहिल्याच दिवशी काढून टाकतात, कारण ते फिल्टर्समध्ये आहे. अक्षरं हा फिल्टर कसा काय ते मलाही पटलेलं नाही, पण क्लिप निवडा, फिल्टर्स, अधिकचं चिन्ह, तिथे टेक्स्ट, असं एकदा हाताला बसलं की प्रश्न नाही.

विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प मशीनमध्ये आधीच असतं. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ते विकत घेतलं. फुकटात १०८० म्हणजे फुल एचडीपर्यंत बिनवॉटरमार्क एक्सपोर्ट देतात, फक्त त्यातले प्रीमियम फोटो, म्युझिक उचलू नका. वाढदिवसाची दोन मिनिटं जोडायची असतील तर एवढं डोकं लावूच नका, हे बास. दाविंची रिझॉल्व्हचं नाव सगळेच सुचवतात. ब्लॅकमॅजिक या ऑस्ट्रेलियाच्या कंपनीचं आहे, मोठमोठ्या सिनेमांच्या रंगांचं काम त्यावर होतं आणि फुकटच्या आवृत्तीत सुद्धा जे देतात ते बघून कमाल वाटते, वॉटरमार्क फक्त पेड इफेक्ट वापरलेत तरच. पण १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. लिनक्सवाल्यांनी तर आधी बघूनच घ्या, तिथे फुकटच्या आवृत्तीत मोबाइलचे साधे एच २६४ व्हिडिओ चालत नाहीत. मॅक असेल तर आयमूव्ही आहेच, तुमचं बरं आहे.

म्युझिकबद्दल एकच, एडिटरच्या आत मिळालेलं गाणं 'फ्री' लिहिलेलं असलं तरी यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या.

एक्सपोर्ट करताना बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, विचारतात तिथे लोक घाबरतात. यूट्यूब १०८० ला, ३० फ्रेमला, ८ एमबीपीएस सांगतं, तेवढं ठेवा. हिशोब सोपा, ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी, म्हणून सेकंदाला साधारण १ एमबी, दहा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे ६०० एमबीच्या आसपास. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ म्हणून टाकलात तर ते पिळून पार धुरकट करतात, डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत जातं. मग ग्रुपवरचे काका 'डाउनलोड होत नाही' म्हणून फोन करतात तो भाग वेगळा, त्यांना यूट्यूबची लिंकच द्या.

तर नवीन सॉफ्टवेअर कोणतंही घेतलंत की काम सुरू करायच्या आधी एवढं करा, स्वतःच्याच मोबाइलची दहा मिनिटांची एक क्लिप टाका, तीत शेवटी एकदा टाळी वाजवलेली असू द्या, वर 'स्वच्छ पिठी' एवढं लिहा आणि थेट एक्सपोर्ट मारा. पैसे मागतंय का, शिक्का मारतंय का, वेलांटी जागेवर आहे का, टाळी आणि आवाज एकत्र येतायत का, तिथल्या तिथे कळतं. पहिल्या दोघांना माझ्याकडून पाचपैकी एकेक स्टार, तोही कापायचं काम सोपं होतं म्हणून. शॉटकटला चार, पाचवा त्या फिल्टरमध्ये लपवलेल्या टेक्स्टसाठी कापला. आईंचं मत वेगळं आहे, त्या म्हणतात यात फुलाफुलांचं नाही, तीनच दे.